साठा न होणारा माल



व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला मालाचा स्वभाव वेगळा शिकवावा लागत नाही. गूळ पावसाळ्यात पाझरतो, डाळीला भुंगा लागतो, मिरची गोदामात रंग सोडते, आणि प्रत्येक पोत्यामागे काही ना काही घट धरावीच लागते, हे तो दुकानाच्या पायरीवर बसूनच शिकतो. घट कमी करण्याचे उपायही आपल्याला ठाऊक आहेत. माल वाळवावा, हवाबंद करावा, शीतगृहात ठेवावा, भाव येईपर्यंत थांबावे. आपल्या व्यवसायातील निम्मी बुद्धी या थांबण्यातच खर्च होते.

या महिन्याच्या सदरात ज्या मालाची ओळख करून द्यावयाची आहे, त्याच्यापुढे ही सारी बुद्धी निरुपयोगी ठरते. तो मुंबईजवळ तुर्भे येथे तयार होतो आणि तयार झाल्या क्षणापासून घटू लागतो. बर्फात ठेवा वा उन्हात, शिशाच्या जाड भांड्यात बंद करा वा उघडा ठेवा, त्याच्या घटीचा वेग तसूभरही बदलत नाही. त्याला साठेबाज नाही आणि मंदीतेजीही नाही. ज्या दिवसासाठी, पुष्कळदा ज्या तासासाठी तो मागविला असेल, त्याच वेळी तो वापरावा लागतो. अणुविज्ञानाच्या संशोधनातून निर्माण झालेले किरणोत्सारी समस्थानिक हा तो माल होय.

अणू हा शब्द ऐकताच आपल्या मनात हिरोशिमा उभे राहते. ते स्वाभाविक आहे, आणि त्याचे विस्मरण होऊही नये. परंतु चिकलठाण्याहून जालना रस्त्याने शहरात येणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या आयुष्यात अणुविज्ञान येते ते बहुधा रुग्णालयाच्या दारातून, शिवण्याच्या निर्जंतुक दोऱ्यातून, मसाल्याच्या पाकिटातून किंवा उडदाच्या वाणातून. ते असे येते हे आपल्याला माहीत नसल्यामुळे काही वेळा आपण अकारण घाबरतो, आणि जेथे सावध असावयास हवे तेथे बेसावध राहतो.

प्रथम घटीचा हिशेब पाहू. काही अणूंचे गर्भ अस्थिर असतात. ते आपली जादा ऊर्जा किरणांच्या रूपाने बाहेर टाकतात आणि स्थिर होतात. कोणता अणू केव्हा पालटेल हे सांगता येत नाही. मात्र असंख्य अणूंपैकी निम्मे किती काळात पालटतील, हे अचूक सांगता येते. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. कंठस्थ ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या विकारांत वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे आहे. आज शंभर भाग असेल तर आठ दिवसांनी पन्नास, सोळा दिवसांनी पंचवीस. हाडे, हृदय व मूत्रपिंड यांच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चे अर्धायुष्य अवघे सहा तासांचे. सकाळी सहाला हाती आलेला माल दुपारी बाराला निम्मा आणि सायंकाळी सहाला पाव उरतो. पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-१८ ला तर दोन तासही पुरत नाहीत. ११० मिनिटांत तो निम्मा होतो.

मग सहा तासांत निम्मा होणारा माल दूरच्या शहरापर्यंत पोहोचतो कसा? येथे शास्त्रज्ञांनी जी युक्ती केली ती कोणाही व्यापाऱ्याला पटावी अशी आहे. टेक्नेशियम पाठविण्याऐवजी ते ज्यातून जन्मते ते मॉलिब्डेनम-९९ पाठवितात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६६ तासांचे असते. रुग्णालयात एका छोट्या यंत्रात ते ठेवले की त्यातून सतत टेक्नेशियम तयार होत राहते आणि दररोज सकाळी मिठाच्या निर्जंतुक पाण्याने ते धुऊन काढता येते. जगभरचे तंत्रज्ञ या यंत्राला गमतीने गाय म्हणतात आणि त्या धुण्याला दूध काढणे. दूध पाठविणे शक्य नसेल तर गाय पाठवावी, इतका साधा हा व्यवहार आहे.

या मालाचे मूळ तुर्भ्याला आहे. डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली तेथे उभारलेली ‘अप्सरा’ ही संशोधन अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. पुढे ८ ऑगस्ट १९८५ रोजी ‘ध्रुव’ ही मोठी अणुभट्टी सुरू झाली आणि औषधासाठी लागणारे अनेक समस्थानिक देशातच निर्माण होऊ लागले. ते शुद्ध करून रुग्णालयांना व उद्योगांना पुरविण्याचे काम १९८९ मध्ये स्थापन झालेली ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था करते. तिच्या मालाला सुटी परवडत नाही. थायरॉइडच्या रुग्णासाठी मोजलेली मात्रा ठरल्या दिवशी वापरली गेली नाही, तर आठवड्याने ती मात्रा राहत नाही. रुग्णाने तपासणीची वेळ चुकविली की त्याच्यासाठी काढलेले औषध कोणाच्याही उपयोगी न पडता विरून जाते. वेळ पाळण्याचा आग्रह डॉक्टर का धरतात, याचे कारण येथे आहे.

आता आपल्या शहराकडे वळू. चिकलठाण्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. लोक त्याला ‘मिनी घाटी’ म्हणतात. तेथे किंवा गावातील एखाद्या दवाखान्यात तोंडातील न भरणारी जखम, स्तनातील गाठ, अंगावरून होणारा रक्तस्राव यांची शंका आली की रुग्णाला आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची वाट दाखविली जाते. हे रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे मार्गदर्शन त्याला लाभले आणि पुढे त्यास राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. त्यापूर्वी मराठवाड्यातील रुग्णाला बहुधा मुंबईखेरीज वाट नव्हती. घरातील एक माणूस आजारी आणि दुसरा त्याच्यामागे परळच्या पदपथावर, ही अवस्था आपल्यापैकी काहींनी आप्तांच्या बाबतीत पाहिली असेल.

या रुग्णालयातील किरणोपचार विभागात ‘भाभाट्रॉन’ जातीचे यंत्र आहे. भाभा अणु संशोधन केंद्राने ते विकसित केले आणि बंगळूरूच्या एका कंपनीने त्याचे उत्पादन केले. परदेशी कोबाल्ट यंत्रांची किंमत व त्यांच्या सुट्या भागांची प्रतीक्षा आपल्या जिल्हा पातळीवरील रुग्णालयांना पेलणारी नव्हती. वीज कमीजास्त होणाऱ्या ठिकाणीही चालेल, दुरुस्ती देशातच होईल आणि किंमत आवाक्यात राहील, असे यंत्र करावयाचे ठरले, आणि ते इतके उपयुक्त ठरले की भारताने ते व्हिएतनामसारख्या देशांनाही भेट दिले. या यंत्राच्या हृदयाशी कोबाल्ट-६० चा लहानसा स्रोत असतो. त्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांहून किंचित अधिक आहे. म्हणजे दर महिन्याला त्याचे तेज सुमारे एक टक्क्याने घटते. तेथील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ ही घट आपल्या वहीत धरतो आणि रुग्णाला यंत्राखाली ठेवण्याचा वेळ तेवढ्या प्रमाणात वाढवितो. घटीचा असा काटेकोर हिशेब जमला तरच उपचार योग्य होतो.

लोक या उपचाराला ‘शेक’ म्हणतात. शब्द रूढ आहे, पण त्यामुळे एक गैरसमज होतो. यात भाजणे नसते. किरण पेशींच्या गर्भातील जनुकीय धाग्यांना इजा करतात. निरोगी पेशी ती इजा बऱ्याच अंशी दुरुस्त करू शकतात, कर्कपेशींना ते तितके साधत नाही. हा फरक साधण्यासाठी एकदम मोठी मात्रा न देता रोज थोडी दिली जाते. आठवड्याचे पाच दिवस, पुष्कळदा पाच ते सात आठवडे. दोन मात्रांमधील वेळ निरोगी पेशींना सावरण्यासाठी असतो. परंतु मध्येच चार-आठ दिवस खंड पडला तर त्या अवधीत कर्कपेशींनाही पुन्हा वाढण्यास सवड मिळते. केलेली कमाई हातची जाते. ‘पंधरा शेक झाले, बरे वाटते आहे, लग्नकार्य उरकून उरलेले घेऊ’, हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे.

दुसरा गैरसमज अधिक क्लेशकारक आहे. बाहेरून किरणोपचार घेतलेला रुग्ण किरणोत्सारी होत नाही. यंत्र बंद झाले की किरण थांबतात. त्याच्या ताटात जेवता येते, नातवंडाला त्याच्या मांडीवर बसविता येते. शरीरात औषध देऊन केल्या जाणाऱ्या उपचारांत, उदाहरणार्थ आयोडीनच्या मोठ्या मात्रेनंतर, काही दिवस अंतर पाळावे लागते. त्याच्या सूचना डॉक्टर लेखी देतात. हे दोन प्रकार एकत्र करून आजारी सासूबाईंना किंवा जाऊबाईंना वेगळ्या खोलीत टाकणे, त्यांची भांडी निराळी करणे, हे अज्ञान आहे. आजाराने आधीच खचलेल्या माणसावर त्याच्याच घरात असा एकांत लादणे आपल्याला शोभत नाही.

अणुविज्ञानाचा दुसरा उपयोग आपल्या रोजच्या मालाशी निगडित आहे. शस्त्रक्रियेत वापरले जाणारे टाके, हातमोजे, सुया यांसारख्या कित्येक वस्तू उष्णतेने निर्जंतुक करता येत नाहीत. त्या वितळतात किंवा कमकुवत होतात. त्या पक्क्या बांधलेल्या पेटीतच गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचा ‘आयसोमेड’ हा प्रकल्प १९७४ मध्ये तुर्भ्याला सुरू झाला. पेटी उघडावी लागत नाही, वस्तू तापत नाही, आणि किरण आरपार निघून गेल्याने मागे काही राहत नाही. भाजलेल्या जखमांवर लावावयाचा पाणीदार जेलचा पट्टाही भाभा केंद्राने याच किरणांच्या साहाय्याने तयार केला. तो जखमेला ओलावा देतो आणि काढताना नवी त्वचा ओरबाडत नाही. आपल्या औद्योगिक वसाहतींत ज्यांचे कारखाने आहेत त्यांना आणखी एक उपयोग परिचित असेल. इरिडियम-१९२ च्या किरणांनी जाड पोलादी जोडाचे चित्र घेऊन आतील भेग शोधता येते. प्लॅस्टिकच्या फितीची किंवा कागदाची जाडी तिला स्पर्श न करता, धावत्या यंत्रावरच मोजता येते.

मसाल्याच्या व्यापाऱ्यांना २०२४ चा एप्रिल महिना आठवत असेल. हाँगकाँग व सिंगापूर येथे काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइडचा अंश आढळल्याचे सांगून तो माल रोखण्यात आला. जंतू मारण्यासाठी वापरलेल्या वायूचा अवशेष मालात राहिला, ही त्यातील तक्रार होती. याच कामासाठी किरणांचा पर्याय महाराष्ट्रात फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. नवी मुंबईत वाशी येथे ब्रिटचे मसाला-विकिरण केंद्र २००० पासून चालू आहे. नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे ‘कृषक’ हे केंद्र २००२ मध्ये उभे राहिले. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून तेथे अल्प मात्रा देतात. कांदा आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात येत नाही, पण लासलगावच्या बाजारात कित्येकांच्या वहीत तो येतो, म्हणून त्याचा उल्लेख केला. याच केंद्रातून प्रक्रिया होऊन २००७ मध्ये आपला आंबा अमेरिकेच्या बाजारात पुन्हा पोहोचला. आंब्यातून फळमाशी आपल्या देशात शिरेल, ही त्या देशाची हरकत किरणांनी दूर केली.

येथे एक प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. किरणांनी जंतू व कीटक मरतात, मग ही हिंसाच नव्हे काय? प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल देऊ नये. मोठ्या मात्रेने जीव मरतात; कमी मात्रेत ते प्रजननास असमर्थ होतात. याला पर्याय म्हणून गोदामात आज जे केले जाते, ती विषारी वायूची धुरी होय. ती कीटकांना मारतेच, शिवाय हमालाच्या फुफ्फुसालाही अपाय करू शकते. सर्वांत उत्तम मार्ग अर्थातच आधीचा आहे. धान्य नीट वाळवावे, गोदाम कोरडे व स्वच्छ ठेवावे, म्हणजे कीड होण्याचा प्रसंगच कमी येतो. जेथे ते पुरत नाही तेथे कमी अपायाचा मार्ग कोणता, याचा विचार ज्याने त्याने आपल्या विवेकाने करावा.

उडदाचा व्यवहार करणाऱ्यांना ‘टीएयू-१’ हे नाव नवे नाही. त्यातील पहिली दोन अक्षरे ट्रॉम्बे व अकोला यांची आहेत आणि तिसरे उडदाचे. तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी बियाण्यांवर किरण सोडून त्यांत बदल घडविले, हजारो रोपांतून उपयुक्त ती निवडली, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने शेतात त्यांची परीक्षा घेतली, आणि १९८५ मध्ये हा वाण प्रसारित झाला. महाराष्ट्रातील उडदाच्या क्षेत्राचा फार मोठा भाग पुढे अनेक वर्षे या एका वाणाखाली होता. भुईमुगाचा ‘टीएजी-२४’ही याच दोन संस्थांच्या सहकार्याचे फळ आहे. ज्या वाणावर आपण वर्षानुवर्षे दलाली कमावली त्याचा जन्म अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळेत झाला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

परंतु ज्या विद्येने इतके दिले, तिच्याकडे दुर्लक्ष केले तर काय होते, हेही सांगितले पाहिजे. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे न वापरलेले एक जुने गॅमा यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. आपण काय हाताळीत आहोत, हे फोडणाऱ्यांना ठाऊक नव्हते. अनेकांना किरणांची इजा झाली आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. पंचवीस वर्षे अडगळीत पडलेला कोबाल्ट पुष्कळ घटला होता, तरीही जे उरले ते एका जिवाला पुरले.

ही घटना आपल्यासाठी दूरची नाही. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे लोखंड, धातू व भंगाराच्या व्यवहारात आहेत. औद्योगिक वसाहतीतून बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रे रोज तोडण्यासाठी येतात. पिवळ्या पार्श्वभूमीवर मध्ये ठिपका व त्याभोवती तीन पाती, ही किरणोत्सर्गाची खूण प्रत्येक गोदामात चित्र लावून मजुरांना ओळखावयास शिकवावी. आकाराच्या मानाने फारच जड, शिशाने मढविलेले, कुलूपबंद डबे फोडू नयेत. अशी वस्तू आढळल्यास माणसांना दूर करावे, वस्तू हलवू नये आणि पोलीस व जिल्हा प्रशासनाला त्वरित कळवावे. देशातील अशा सर्व स्रोतांवर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. नियम पुरेसे आहेत. ते पाळण्यासाठी शेवटच्या माणसापर्यंत माहिती पोहोचली पाहिजे.

माहितीचा प्रश्न शेवटी शिक्षणाशी येऊन थांबतो. डॉ. भाभा यांनी हे सुरुवातीलाच ओळखले होते. अणुभट्टी विकत घेता येईल, ती चालविणारी माणसे विकत मिळणार नाहीत, म्हणून १९५७ मध्ये तुर्भ्याला प्रशिक्षण शाळा सुरू झाली. अभियंते व शास्त्र पदवीधर यांना वर्षभर विद्यावेतन देऊन घडविणारी ही शाळा आजही चालू आहे. देशातील रुग्णालयांना किरणोपचाराचा हिशेब जाणणारे तज्ज्ञ मिळावेत म्हणून १९६२ पासून तेथे स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम आहे. शाळकरी मुलांना विज्ञान नीट शिकविता यावे यासाठी १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. विज्ञान ऑलिंपियाडची तयारी आज तेथेच होते.

आपल्या समाजाचाही या परंपरेत वाटा आहे. अहमदाबादच्या वस्त्रोद्योगातील जैन घराण्यात जन्मलेल्या डॉ. विक्रम साराभाई यांनी गिरणीच्या गादीऐवजी विश्वकिरणांचे संशोधन निवडले आणि भाभांच्या मृत्यूनंतर १९६६ ते १९७१ या काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. उदयपूरच्या जैन कुटुंबातील डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी १९५६ मध्ये अणुस्फोटांच्या परिणामांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अण्वस्त्रांचे भय जगाला सांगणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. तेच कोठारी पुढे १९६४ ते १९६६ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष झाले आणि आपल्या शाळांची दहा अधिक दोन ही रचना त्या आयोगाच्या अहवालातून आली. अणूच्या संहारशक्तीचा अभ्यास करणारा माणूस शिक्षणाकडे वळला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

असे असूनही आपल्या घरांत अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी भौतिकशास्त्र आवडणाऱ्या मुलीला किंवा मुलाला आपण काय सांगतो? ‘त्यात पुढे काय?’ दुकान, सीए, डॉक्टर आणि संगणक, एवढ्यावर आपली कल्पना थांबते. वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ हा शब्दही अनेकांनी ऐकलेला नसतो. किरणोपचाराच्या प्रत्येक केंद्राला त्याची गरज असते; त्याच्या सहीखेरीज मात्रा ठरत नाही. चोख हिशेब, वेळेची शिस्त आणि दुसऱ्याच्या विश्वासाची जाण हे गुण आपल्या घरांत लहानपणापासून मुरतात. या कामाला नेमके तेच लागतात.

समाजाचे धन या क्षेत्राकडे वळते तेव्हा काय घडते, याची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. मारी क्यूरी यांनी १८९८ मध्ये रेडियम शोधले आणि ते वेगळे करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले नाही. रेडियमचा भाव पुढे इतका वाढला की स्वतःच्या संशोधनासाठी एक ग्रॅम घेणेही त्यांना शक्य राहिले नाही. तेव्हा अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी जमवून सुमारे एक लाख डॉलरचे एक ग्रॅम रेडियम १९२१ मध्ये त्यांना अर्पण केले. दानपत्र हाती येताच क्यूरीबाईंनी आग्रह धरला की ही भेट व्यक्तीची नसून प्रयोगशाळेची असावी, म्हणजे आपल्या पश्चात ती वारसांच्या वाटणीत जाणार नाही. विश्वस्त निधी चालविणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही दक्षता विशेष भावेल.

दुसरे उदाहरण मुंबईचे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. असा उपचार आपल्या देशात असावा, ही दोराबजींची तळमळ होती. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या विश्वस्त निधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू केले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. एका व्यापारी घराण्याचे दुःख आणि तुर्भ्याचे विज्ञान असे एकत्र आले, आणि त्याचीच एक फांदी पुढे आपल्या शहरातील रुग्णालयापर्यंत पोहोचली.

आपल्या हाती काय आहे? कोट्यवधींचे यंत्र देणे सर्वांना शक्य नाही, आणि त्याची गरजही प्रत्येक वेळी नसते. कन्नड, वैजापूर, अंबड किंवा परतूरच्या एखाद्या खेड्यातून आलेल्या भगिनीवर शासकीय योजनेतून उपचार होऊ शकतात. परंतु सहा आठवडे राहावयाचे कोठे, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते ती कशी भरून काढावयाची, दोन वेळचे जेवण कोठून आणावयाचे, हे प्रश्न योजनेच्या कागदात पुरते मावत नाहीत. मग विसाव्या शेकानंतर ती गावी जाते आणि परत येत नाही. यंत्र असते, किरण असतात, तज्ज्ञ असतो. उपचार मात्र अर्धा राहतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने मुंबईत कर्करुग्णांना आसरा देऊन हीच उणीव कितीतरी वर्षे भरून काढली आहे. आपल्या शहरात समाजाच्या धर्मशाळा, मंगल कार्यालये व भोजनशाळा आहेत. लग्नसराई सोडल्यास त्यांतील खोल्या वर्षाचे कितीतरी दिवस रिकाम्या असतात. त्यांतील दोन-चार खोल्या किरणोपचार चालू असलेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवल्या, एका वेळचे सात्त्विक जेवण दिले, आणि जाण्यायेण्याला एक वाहन ठेवले, तर दहा-वीस कुटुंबांचा उपचार दरवर्षी पूर्ण होऊ शकेल. आपल्या महिला मंडळांनी व युवक मंडळांनी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून नेमकी गरज विचारावी आणि पर्युषणाच्या सभेपूर्वी आपापल्या विश्वस्तांसमोर तसा प्रस्ताव ठेवावा.

खोलीचेही एका अर्थाने समस्थानिकासारखेच आहे. आजची रिकामी रात्र उद्यासाठी साठविता येत नाही. रुग्णाचा आजचा दिवसही साठविता येत नाही. तेव्हा हा विषय पुढच्या वर्षावर न ढकलता येत्या सभेतच मांडला जावा, अशी नम्र विनंती आहे.